कामगार माता आणि हजेरीपट



माता आणि बालक यांच्या आरोग्यावर बोलण्याचे निमंत्रण या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिले, तेव्हा मी त्यांना म्हणालो की, आपला पत्ता चुकला. हा विषय डॉक्टरांचा. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर दरसाल येतात आणि आजार झाल्यावर काय करावे ते सांगतात. तो येतो कोठून, ते तुम्ही सांगा." या बोलण्यावर मला उत्तर सुचेना, आणि म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे.

मला औषधातले काही कळत नाही. मला हजेरीपट कळतो. हजेरीपट ही कामगाराची जन्मपत्रिकाच असते. त्यावर नाव असेल तर तो माणूस कायद्याला दिसतो, नसेल तर दिसत नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे की, आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत जन्माला येणाऱ्या कित्येक मुलांचे आरोग्य त्यांच्या आईचे नाव कोणत्या पटावर आहे यावर ठरते. आणि ते तसे ठरता कामा नये.

एक प्रसंग सांगतो. तो २००८ सालचा आहे. येथल्याच एका कारखान्यात पॅकिंग खात्यात एक बाई तीन वर्षे काम करीत होती. कारखान्याचे नाव मी घेत नाही, बाईचेही घेत नाही. तिला सातवा महिना लागला तेव्हा सुपरवायझरने सांगितले, "उद्यापासून येऊ नकोस." ती आमच्याकडे आली. आम्ही कंपनीला विचारले. कंपनी म्हणाली, ती आमची नव्हे, कंत्राटदाराची. कंत्राटदाराला विचारले. त्याने पट पुढे टाकला. पटावर बाईचे वर्षातले ७४ दिवस भरलेले. बाळंतपणाच्या रजेला कायद्याने दिवस लागत होते ८०. मग आम्हांला कळले की, त्याच कंत्राटदाराच्या दुसऱ्या नावाच्या पटावर तिचे आणखी ६९ दिवस होते. तेच टेबल, तीच बाई, तोच माल. दर काही आठवड्यांनी नाव मात्र एका पटावरून दुसऱ्या पटावर. कामगार विम्याचा कागद तर दोन्हीकडे भरलेला नव्हता.

आम्ही झगडलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही आणि जेवणाची कुपने आमच्या कामी आली. शेवटी तिला बारा आठवड्यांचे पैसे मिळाले, आणि आम्ही संघटनेच्या फलकावर ते विजय म्हणून लिहिले. पण आता त्या विजयाची दुसरी बाजू ऐका. पैसे मिळाले तेव्हा बाळ अकरा महिन्यांचे झाले होते. मधल्या काळात घरात पैसा नाही म्हणून ती बाई विसाव्या दिवशी दुसऱ्या एका गाळ्यात कामाला लागली होती. बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती होते, आणि डब्यातल्या दुधाची भुकटी परवडत नाही म्हणून पाणी जास्त घालून त्याला पाजली जात होती. मी पैसे घेऊन गेलो त्या दिवशी ते बाळ बसतही नव्हते. आईचे आटलेले दूध परत आणण्याची तरतूद कोणत्याही कायद्याच्या कोणत्याही कलमात नाही, हे मला त्या दिवशी समजले.

हा प्रश्न काही आजचा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरविली, तेव्हा त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या आणि त्यांनी आठवड्याची एक सुट्टी मागितली. आपल्या कामगार चळवळीच्या पाळण्याजवळच बाई उभी आहे, हे आपण विसरतो. पुढे १९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची सरकारतर्फे पाहणी केली. आई गिरणीत जाते आणि मूल खोलीत राहते. ते रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देतात, आणि अशा स्त्रियांच्या बहुतेक साऱ्या मुलांना ती दिली जाते, असे त्यांना आढळले. ही काही निर्दय आयांची गोष्ट नव्हे. पाळी दहा तासांची असेल आणि गिरणीत पाळणाघर नसेल, तर मुलाला निजवून ठेवण्याशिवाय ती करणार काय? कामाच्या ठिकाणचे धोरण म्हणतात ते हेच. ते कागदावर मालक लिहितो आणि ते बाळाच्या रक्तात उतरते.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात असेच विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून हा भार पुष्कळसा सरकारने उचलावा हे योग्य. पण स्त्रीच्या श्रमातून जो नफा मिळवतो त्या मालकालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. असा कायदा देशात तो पहिलाच. पण भार पडला तो एकट्या मालकावर. सरकारच्या वाट्याचा बाबासाहेबांचा मुद्दा बाजूला राहिला, आणि त्याचे फळ आपण पुढे भोगले.

ते कसे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्या प्रश्नाची मेख येथे आहे. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत सुमारे एक स्त्री होती. पुढल्या दशकांत ती संख्या घसरत घसरत नगण्य झाली. कारणे अनेक होती: स्त्रियांना रात्रपाळी बंद झाली, त्यांच्या खात्यांत नवी यंत्रे आली. पण त्यांत हेही एक होते की, बाई ठेवली तर बाळंतपणाचा खर्च आणि पाळणाघराचा खर्च, पुरुष ठेवला तर काही नाही. मालकाने हिशेब केला. हक्क कागदावर राहिला आणि हक्काची बाई फाटकाबाहेर गेली.

आपल्या जुन्या समाजाला हे व्यवहारज्ञान होते, असे मला वाटते. बाळंतिणीला सव्वा महिना विसावा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, ही सारी रीत म्हणजे त्या काळचे धोरणच होते. आणि पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत तर फार शहाणपणाची. तिचा अर्थ असा की, खर्च एका घरावर पडू नये, दोन घरांनी तो वाटून घ्यावा. त्या रीतीत बाईवर बंधनेही पुष्कळ होती, त्यांचे मी समर्थन करीत नाही. पण भार वाटून घ्यावा हे तत्त्व त्यात होते. आज बदलापुरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईचे माहेर कोठे जालन्याला, कोठे बिहारात. सव्वा महिना तिला कोण देणार?

जगानेही हेच तत्त्व ओळखले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनला भरली. तिने बाळंतपणाची बारा आठवड्यांची रजा ठरविली आणि पैसा सरकारी खजिन्यातून किंवा विम्यातून द्यावा असे सांगितले. २००० सालच्या ठरावातही एकेकट्या मालकावर हा भार टाकू नये, हेच सूत्र आहे. बाळंतपणाच्या संरक्षणाचे हे ठराव आपल्या देशाने आजवर मान्य केलेले नाहीत.

आपल्याकडे १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला, बारा आठवड्यांचा. २०१७ साली ते सव्वीस झाले, पहिल्या दोन मुलांसाठी. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सव्वीस आठवडे तिने कायम ठेवले. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. हा आकडा चांगला आहे आणि त्यामागे शास्त्र आहे: बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरे काही देऊ नये, पाणीदेखील नको, असे वैद्यकशास्त्र सांगते.

पण हा आकडा कामाच्या ठिकाणी कसा वागतो ते पाहा. या सव्वीसांतले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणापूर्वी घेता येतात. आठ घेतले तर मागे उरतात अठरा, म्हणजे जेमतेम चार महिने. बाई हिशेब करते की, आताची रजा वाचविली तर ती बाळाला मिळेल. म्हणून ती नवव्या महिन्यापर्यंत कामावर येते. बदलापुराहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बायकांना विचारा. साठाहून अधिक किलोमीटरचा प्रवास, दोन्ही वेळा, लोकलच्या गर्दीत. पोटावर पिशवी धरून उभी असलेली बाई आपण रोज पाहतो. ती पिशवी सांभाळत नसते.

दुसरे असे की, संहितेनुसार जिसची आधीच दोन मुले आहेत तिला तिसऱ्या वेळी बारा आठवडेच. कुटुंब लहान असावे हे मलाही मान्य आहे. पण तिसऱ्या बाळाला दूध कमी लागते काय? शिक्षा द्यायचीच तर ती अजून न जन्मलेल्याला का द्यावी, हे मला कधी कळले नाही.

आता आपल्या तीन गावांकडे येतो. उल्हासनगर ही मुळात लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंध सोडून आलेले लोक तेथे उतरले, आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या निर्वासित बायांनी घरात पापड लाटून संसार उभे केले. म्हणजे घरी बसून, नगावर पैसे घेऊन काम करणारी बाई ही त्या गावाची पहिल्या दिवसापासूनची कामगार आहे. आज पापडाबरोबर जीन्स आली आहे. कापणी, शिलाई गाळ्यात होते. धागे काढणे, बटण, घड्या हे काम गठ्ठ्यांनी घराघरांत जाते. अंबरनाथला आणि बदलापूरला औद्योगिक वसाहती आहेत, तेथे कंत्राटी पॅकिंग आहे. बदलापुरात इमारतींची कामे आहेत. आणि बदलापूर, कर्जत, मुरबाडच्या पट्ट्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात, त्यांवर उचल घेतलेली कातकरी कुटुंबे राबतात.

या चौघींना कायदा कसा दिसतो? कंत्राटी पॅकिंगवालीची गोष्ट मी सांगितलीच. गाळ्यात दहाहून कमी माणसे असतील तर बहुधा ना विमा लागू, ना रजा. म्हणून गाळ्यात माणसे नऊच असतात, आणि दहावा येतो तेव्हा भिंत घालून दोन गाळे होतात. घरात धागे काढणारीला मालकच नाही. माल देणारा म्हणतो मी फक्त पोचवितो, गाळेवाला म्हणतो मी तिला ओळखत नाही. गरोदर बाई सात-आठ तास जमिनीवर वाकून, निळ्या रंगाच्या धुळीत बसते, आणि तिच्या बाजूला रांगते मूल तीच धूळ तोंडात घालते. नव्या संहितेत अशा असंघटित कामगारांसाठी आरोग्य व प्रसूती लाभाच्या योजना आखाव्यात असे म्हटले आहे. किती आठवडे, किती रक्कम, हे मात्र त्या कलमात नाही.

आणि भट्टीवरची कातकरीण. आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली महाराष्ट्रात सुरू झाली. योजना चांगली. पण योजना गावात राहते आणि आई भट्टीवर जाते. अंगणवाडीच्या पटावर तिचे नाव गावाला असते, आणि भट्टीवरच्या पटावर नवऱ्याचे. ती स्वतः कोणत्याच पटावर नाही.

सरकारची मातृवंदना योजना आहे, ती मी विसरलो नाही. पहिल्या बाळासाठी तीत पाच हजार रुपये मिळतात. दुसरे बाळ मुलगी झाली तर सहा हजार. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर स्त्रीला सहा हजारांहून कमी नाही अशी रक्कम लिहिलेली आहे, ही गोष्ट वेगळी. पण पाच हजारच धरू. सव्वीस आठवड्यांचे दिवस होतात १८२. दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. एवढ्यावर कोणती बाई मजुरी सोडून घरी बसेल?

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झालेली आढळली. ही मोठीच प्रगती, आणि आमच्या आशाताई, परिचारिका यांना तिचे श्रेय आहे. पण त्याच पाहणीत पाच वर्षांखालील दर शंभर मुलांत ३५ मुले वयाच्या मानाने खुजी भरली, आणि गरोदर स्त्रियांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयाच्या निघाल्या. याचा अर्थ मी माझ्या बुद्धीप्रमाणे असा लावतो: दवाखान्याच्या दारापर्यंत आपण आईला नेऊन पोचविले, त्या दाराच्या अलीकडचे नऊ महिने आणि पलीकडची दोन वर्षे यांत तिला एकटी सोडली. ते दिवस ती दवाखान्यात काढीत नाही, कामावर काढते.

कामाची गोष्ट निघाली म्हणून बापाविषयीही बोलतो. आपल्याकडे असा समज आहे की, हा विषय बायांचा. पण शिशाचे काम करणारा, जुन्या बॅटऱ्या फोडणारा, रंगाचा फवारा मारणारा पुरुष त्याच कपड्यांनी घरी जातो आणि मुलाला उचलून घेतो. शिसे कपड्यांतून घरी येते. ते आईच्या रक्तातून नाळेवाटे गर्भापर्यंत पोचते, आणि लहान मुलाच्या मेंदूला त्याचा अपाय होतो. हातपाय धुण्याची जागा, कपडे बदलण्याची व ठेवण्याची सोय या गोष्टी १९४८ च्या कारखाना कायद्यात होत्या, नव्या संहितेतही आहेत. आम्ही संघटनावाले त्यांना किरकोळ मागण्या म्हणत आलो. नळ आणि कपाट ही बालसंगोपनाची साधने आहेत, हे आम्हांला सुचले नाही.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाविषयी बोललो नाही तर हे भाषण लबाडीचे होईल. २०१२ च्या सुमारास एका कारखान्यात आम्ही एकतीस कलमांचे मागणीपत्र दिले. पाळणाघर सत्ताविसाव्या कलमात होते. तेथे चाळीसएक बाया कामाला होत्या, आणि तीसहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर हवेच, असे त्या वेळचा कारखाना कायदा सांगत होता. वाटाघाटींच्या शेवटच्या रात्री व्यवस्थापकांनी विचारले, पाळणाघराचे कलम सोडता काय? पगारवाढीत आणखी दीडशे रुपये देतो. आमच्या समितीत अकरा जण, अकराही पुरुष. आम्ही दहा मिनिटांत होकार दिला. जे कायद्याने द्यायलाच हवे होते, ते आम्ही दीडशे रुपयांना विकले, आणि विकण्याचा अधिकार आमचा नव्हताच. करारावर माझी सही आहे. दुसऱ्या दिवशी फाटकावर गुलाल उधळला, तेव्हा एक बाई मला म्हणाली, "दादा, तुमची वाढ झाली. आमच्या पोरांचं काय?" मी म्हणालो, पुढच्या करारात पाहू. पुढच्या करारापर्यंत त्या बायांपैकी निम्म्या कामावर राहिल्या नव्हत्या.

तेव्हा मालकाला दोष देताना मी एक बोट स्वतःकडेही ठेवतो. आणि मालकांचा आक्षेपही सरळ ऐकून घेऊ. ते म्हणतात, "आठ शिवणयंत्रांचा गाळा चालविणारा मी, सहा महिने एका बाईला घरी बसवून पगार कोठून देऊ?" हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर बाईला काढून टाकणे हे नव्हे. त्याचे उत्तर सामाईक निधी हे आहे. आपल्याकडे त्याची उदाहरणे आहेत, विलायतेला जाण्याचे कारण नाही.

कामगार विमा योजनाच पाहा. तीत मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो आणि कामगार पाऊण टक्का. ही वर्गणी पुरुषाच्या पगारावरही तेवढीच पडते. म्हणून बाई ठेवल्याने मालकाचा खर्च एका पैशाने वाढत नाही, आणि बाळंतपणाचे सव्वीस आठवडे विमा महामंडळ देते. दुसरे उदाहरण इमारत कामगारांच्या मंडळाचे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो, आणि त्यातून नोंदलेल्या कामगाराच्या घरी पहिल्या दोन मुलांच्या वेळी साध्या बाळंतपणाला १५ हजार, शस्त्रक्रिया झाली तर २० हजार रुपये देण्याची तरतूद आहे. मात्र तेथेही ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देताना कंत्राटदाराचे पेन हरवते.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. ते माथाडी कायद्याचे. बाजारातला हमाल सकाळी एकाचा माल उचलतो, दुपारी दुसऱ्याचा. त्याचा मालक कोण? या प्रश्नावर वर्षानुवर्षे सर्वांनी हात वर केले होते. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्राने त्याचे उत्तर दिले: मालक अनेक असोत, मंडळ एक असेल, प्रत्येक मालक मजुरीबरोबर वर्गणी मंडळात भरील, आणि हमालाचा हक्क मंडळापाशी राहील. ज्याचे नाव कोणाच्याच पटावर नव्हते, त्याच्यासाठी महाराष्ट्राने नवा पट तयार केला. मग धागे काढणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या, नगावर राबणाऱ्या बाईसाठी तो का होऊ नये? हमालाच्या पाठीवरच्या गोणीचे वजन आपल्याला दिसले. बाईच्या पोटातल्या बाळाचे वजन दिसले नाही, एवढाच फरक.

न्यायालयानेही वाट दाखविली आहे. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर खोदकाम करणाऱ्या रोजंदारीवरच्या बायांना बाळंतपणाची रजा नाकारली होती, कारण त्या कायम नव्हत्या. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, रोजंदारीवरची बाईदेखील या हक्काला पात्र आहे. बाळंतपण कायम आणि हंगामी असे नसते, हा त्याचा साधा अर्थ.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, या तिन्ही गावांतील गाळे, घरकाम आणि कंत्राटी काम यांसाठी माथाडीच्या धर्तीवर एक मंडळ व्हावे, आणि त्याच्या निधीत मालक, माल देणारा व्यापारी आणि सरकार या तिघांनी भर घालावी; बाबासाहेबांनी १९२८ साली सांगितलेला सरकारचा वाटा आता तरी भरला जावा. दुसरी, पाळणाघरे. पन्नास कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे आहे, आणि अनेक आस्थापनांनी मिळून एक चालविण्यास नव्या संहितेने मोकळीक दिली आहे. तेव्हा प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आणि स्थानकाजवळ सामाईक पाळणाघर नगरपालिका-महापालिकांनी पुढाकार घेऊन काढावे. दूध पाजण्यासाठी आईला दिवसातून दोन सुट्या कायद्याने आहेत, पण बाळ दहा कोसांवर असेल तर त्या सुटीत ती काय चहा पिणार? अंगणवाडी आहे, पण तिची वेळ आणि पाळीची वेळ जुळत नाही, आणि अंगावर पिणाऱ्या बाळासाठी ती नाहीच. तिसरी मागणी माझ्याच संघटनेकडे आणि माझ्या बांधवांकडे आहे. यापुढे मागणीपत्रात पाळणाघर पहिल्या पाच कलमांत असावे, वाटाघाटीच्या टेबलावर बाई बसावी, आणि जे कायद्याने मिळालेले आहे ते विकण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नसावा.

हे सारे होईपर्यंत आपण प्रत्येकाने एक करावे. आपल्या घरी धुणीभांडी करणारी, आपल्या शेजारी धागे काढणारी, आपल्या इमारतीवर विटा वाहणारी बाई गरोदर असेल, तर तिचे नाव कोणत्या पटावर आहे, एवढे तिला विचारा. विमा आहे काय, मंडळात नोंद आहे काय, मातृवंदनेचा अर्ज भरला आहे काय. विचारायला पैसा लागत नाही. पुष्कळ ठिकाणी तिला असे विचारणारे तुम्हीच पहिले असाल.

त्या २००८ सालच्या बाईचे बाळ आज मोठे झाले असेल. कोठे आहे मला ठाऊक नाही. ते कुटुंब पुढे येथून निघून गेले. ते मूल चांगले असावे, असे मी मनात म्हणतो. पण नुसते मनात म्हणणे हे संघटनेचे काम नव्हे. त्याच्या आईला तीन वर्षे एकाच टेबलावर पाहूनही कायद्याने ओळखले नाही, याचे कारण कायदा पट पाहत होता, पोट पाहत नव्हता. तो उलटा करणे आपल्या हाती आहे.